चाके वर आढळून आली

शिवऱ्यात डेमोला कुणी नाही म्हणत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो आणि चेलाडी फाटा यायच्या आत आमचं गाव लागतं. त्यामुळे पुण्यातून जे जे काही विकायला बाहेर पडतं, त्याचा पहिला मुक्काम बहुधा आमच्या शिवारात. ट्रॅक्टरचा डेमो, रोटाव्हेटरचा डेमो, पॉवर वीडरचा डेमो, सोलर पंपाचा डेमो. कंपनीची दोन पोरं पॉलिशचे बूट घालून ढेकळांत उभी राहतात आणि निम्मं गाव बांधावर बसतं. डेमोचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. चहा कंपनीचा, डिझेल कंपनीचं, वावर ज्याचं नांगरायचं राहिलंय त्याचं. बघायचं सगळं, विचारायचं त्याहून जास्त, निदान एक तरी दोष काढायचा, आणि शेवटी "बघू, दिवाळीनंतर" म्हणून धोतर झटकून उठायचं. एका पावसाळ्यात भातलावणीच्या यंत्राचा डेमो झाला. यंत्र खाचरात उतरलं ते उतरलंच. ओढून काढायला शेवटी आबांची बैलजोडी लावली. यंत्र बांधावर आल्यावर आबांनी कंपनीच्या पोराला विचारलं, "आता आमचा डेमो कसा वाटला?"

अशा गावात जन्म गेलेल्या माणसाला फ्लॉरिडात पुतणीच्या घरी, सकाळच्या पोह्यांवर, जावईबापू म्हणाले, "काका, विमानाचा डेमो घ्यायचाय. येता?" मी हातातली बशी खालीसुद्धा ठेवली नाही. म्हटलं, "चहा कुणाचा?"

आमचे जावई संगणकातले. दिवसभर खुर्चीत बसून काम करतात आणि त्याचा सूड म्हणून शनिवार-रविवार काहीतरी हाताने करायला बघतात. आधी सुतारकाम झालं, मग मधमाश्या झाल्या. आता त्यांच्या मनाने विमान घेतलं होतं. तेही साधं नाही, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं. आणि विकत घ्यायचं म्हणजे तयार घ्यायचं नाही. तिकडे विमान खोक्यांतून सुट्या भागांत येतं आणि आपण ते गॅरेजमध्ये जोडायचं. सीरे नावाचं एक विमान आहे, १९९२ साली पहिल्यांदा उडालं, दोन माणसांचं. कारखाना फ्लॉरिडातल्या टव्हेरस गावचा. ते गाव स्वतःला अमेरिकेची सीप्लेननगरी म्हणवतं आणि गावच्या तळ्यात विमानांसाठी धक्का आहे. पुतणीच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे विमान स्वतः जोडलेलं होतं. ते दाखवायला तयार होते, बसवून फिरवायलाही तयार होते.

पुतणीने मात्र अट घातली. "आधी काका बसतील. काका इंजिनिअर आहेत. त्यांनी पास केलं तर पुढचं बघू."

आता मी पाटबंधारे खात्यातला शाखा अभियंता, स्थापत्यवाला. माझ्या हातून झालेलं एकही काम आजवर जागचं हललेलं नाही, आणि हलू नये हाच त्यामागचा सगळा खटाटोप होता. पण "इंजिनिअर आहेत" असं पुतणीने चारचौघांत म्हटल्यावर माघार घ्यायची सोय राहिली नाही.

आमच्या सौभाग्यवतींना पटवणं हे जावयांनी अंगावर घेतलं. घरी विमान बांधणं हा काही अमेरिकन थिल्लरपणा नाही, आपल्याकडेही होतं, हे सांगण्यासाठी त्यांनी अमोल यादवांचं उदाहरण काढलं. मुंबईत कांदिवलीला चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीत लोकांना बघायला ठेवलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात. गच्चीवर विमान बांधायला जी चिकाटी लागली, तीच कागदांच्या मागे धावायलाही लागली असणार, हे मी सरकारी माणूस म्हणून सांगू शकतो. सौभाग्यवतींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण ते पाण्यात नव्हतं ना उतरत?"

जावयांना वाटलं, आता इतिहास कामी येईल. पाण्यावरून उठलेलं पहिलं इंजिनवालं विमान १९१० च्या २८ मार्चला फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या खाडीत उडालं, आंरी फाब्र नावाच्या माणसाने उडवलं, आणि त्या दिवसापर्यंत त्या माणसाने विमान कधीही चालवलेलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. सौभाग्यवती उठून आत गेल्या आणि फ्रीजमधून दही घेऊन आल्या. घरात साधं दही नव्हतं. माझ्या तळहातावर व्हॅनिलाचं, आधीच गोड केलेलं दही पडलं. त्यावरही त्यांनी साखर घातली, कारण पद्धत म्हणजे पद्धत.

विमानवाल्या गृहस्थांचं नाव मला उच्चारता येईना, तेव्हा मी त्यांना "मालक" म्हणायला लागलो. आमच्याकडे ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा तो मालक, टेम्पो उभा तोही मालक. अर्थ समजल्यावर ते इतके खूश झाले की दिवसभर दुसऱ्या कशाला ओ देईनात.

पहिलं काम वजनाचं. विमान, पेट्रोल आणि दोन माणसं धरून सगळं मिळून सव्वासहाशे किलोच्या आसपास बसायला हवं. मालक वही-पेन्सिल घेऊन उभे. मला वजन विचारलं. मी छाती किंचित आत घेऊन म्हटलं, "शहात्तर." मागून आवाज आला, "ब्याऐंशी." मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सौभाग्यवतींकडे पाहिलं, आणि ब्याऐंशी लिहिलं. लग्न त्यांचंही जुनं होतं. ते स्वतः शंभराच्या घरातले, तेव्हा गणित बसेना. मग त्यांनी टाकीत पेट्रोल कमी ठेवायचं ठरवलं. माझ्या पोटापायी विमानाचं पोट कापलं, हे काही डेमोच्या नियमांत बसत नव्हतं, पण यजमानांपुढे बोलणार काय?

विमान जवळून बघितलं तर आधी होडी दिसते, विमान मागाहून. खाली फायबरचा नावेसारखा तळ, वर पंख, पंखांच्या टोकांना खाली लोंबणारे छोटे तरंगे. इंजिन पुढे नाही, आपल्या डोक्याच्या वर आणि मागे, आणि पंखा उलट्या तोंडाचा. तो ओढत नाही, ढकलतो. पंखांवर कापड. होय, कापडच. डॅक्रॉनचं. ते ताणून बसवायला इस्त्री फिरवतात. घरातली कपड्यांची इस्त्री, तिच्या उष्णतेने कापड आक्रसतं आणि चामड्यासारखं टणक होतं. मालकांनी मला पंखावर बोटाने टिचकी मारायला लावली. टणण आवाज आला. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. खात्यात काँक्रीटच्या ठोकळ्यावर हातोडी मारताना मी हीच मान हलवत असे.

मग एक प्रकार झाला, त्यासाठी मी सगळा डेमो माफ केला. इंजिन रोटॅक्सचं, ऑस्ट्रियन बनावटीचं. त्याचं ऑइल तपासायच्या आधी पंखा हाताने फिरवावा लागतो. एक फेरा, दोन फेरे, मालक शांतपणे फिरवत राहिले, कान टाकीकडे. मध्येच आतून "गुळळळ" असा स्पष्ट आवाज आला. "दिली," मालक म्हणाले. काय दिली? ढेकर. इंजिनात उतरलेलं ऑइल परत टाकीत आलं की टाकी ढेकर देते, आणि तोवर पट्टीने मोजलेली ऑइलची पातळी खरी मानायची नसते. इंजिनाने ढेकर दिल्याशिवाय उड्डाण नाही. आमच्या सौभाग्यवतींचा या यंत्रावर पहिला विश्वास बसला तो तेव्हा.

तो फार टिकला नाही. दार सरकवून आत बसलो आणि समोर एक पाटी दिसली. जावयांनी ती वाचून दाखवली. मथितार्थ असा की प्रवाशांनी सावध असावं, हे विमान हौशी माणसाने बनवलेलं असून इतर विमानांसाठीचे सरकारी सुरक्षानियम हे पाळत नाही. ही पाटी लावणं सरकारचंच बंधन आहे. बाहेर दारापाशी मोठ्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' रंगवलेलं. प्रयोग नेमका कुणावर चाललाय, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

मी विचार करत बसलो. पुण्याच्या बायपासपासून आमच्या गावापर्यंत रस्त्याच्या कडेला 'घरगुती' शब्दावर किती धंदे चालतात! घरगुती जेवण, घरगुती मसाले, घरगुती पापड. लोणच्याच्या बरणीवर 'घरगुती' लिहिलं की आपण दहा रुपये जास्त देतो आणि कारखान्याची बरणी मागे सरकवतो. मग विमानावर तेच लिहिलं की पोटात गोळा का यावा? तिकडचा कायदाही आमच्या पापडवाल्यांपेक्षा कडक आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि तेही शिकायला किंवा करमणुकीला. धंद्यासाठी बांधून चालत नाही. नवं विमान पहिले काही तास, बहुधा चाळीस, कुणाही प्रवाशाशिवाय चालवून दाखवावं लागतं. आमच्या हायवेवर 'घरगुती जेवण' लिहिणाऱ्याने पहिली चाळीस ताटं एकट्याने जेवून दाखवावीत, असा नियम आला तर निम्म्या पाट्या उतरतील. शिवाय असल्या विमानात पैसे घेऊन माणसं फिरवता येत नाहीत. म्हणजे कायद्यानेच फुकट. शिवरेकराला याहून काय हवं?

मालक पट्टे आवळत होते आणि बोलत होते. हा रिव्हेट नात झाली त्या आठवड्यातला. ही नळी दोनदा बसवली. हा स्क्रू खाली पडला होता, तो मिळेपर्यंत झोप लागली नव्हती. ऐकता ऐकता माझ्या पोटातला गोळा जरा सैल झाला. मोठ्या कंपनीच्या विमानात बसताना कुठला स्क्रू कुणी आवळला हे विचारायची सोय नसते. इथे आवळणारा माणूस माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसला होता, आणि पडलो असतो तर दोघंही पडलो असतो. ठेकेदाराला त्याने बांधलेल्या बंधाऱ्याखाली घर करून राहायला लावावं, असं मी एकदा बैठकीत सुचवलं होतं. ती सूचना पुढे गेली नाही, पण तिकडे ती अमलात आहे हे बघून बरं वाटलं.

अंगात लाइफ जॅकेट घातलं होतं. मालकांनी बजावलं, "ही दोरी आत असताना ओढायची नाही. बाहेर पडल्यावर ओढायची." आत फुगलं तर दारातून निघता येत नाही, हे कारण बरोबरच होतं. पण "बाहेर पडल्यावर" हे शब्द ते ज्या सहजतेने बोलले, ती सहजता मला आवडली नाही. सौभाग्यवती पुढे झाल्या आणि मालकांना मराठीत म्हणाल्या, "सांभाळून न्या हो." मालक म्हणाले, "येस मॅम." अर्थ तंतोतंत पोचला होता.

धावपट्टी सोडली ती कळलीही नाही. जमीन खाली गेली एवढंच. डोक्यामागे इंजिनाचा कल्लोळ, कानांवर हेडफोन, आणि वर गेल्यावर मालकांनी दोन्ही बाजूंच्या काचा मागे सरकवल्या. वारा आत! चष्मा धरू का टोपी धरू का मालकांना धरू, असा पेच पडला. खाली बघितलं तर तळीच तळी. मी आयुष्यभर पाणी अडवायच्या खात्यात काम केलेला माणूस. नजर आपोआप भिंत शोधायला लागली. भिंत कुठेच नाही. सांडवा नाही, दरवाजे नाहीत, चौकीदाराची खोली नाही. खालचा चुनखडीचा दगड पाण्याने विरघळतो, जमीन खचते आणि खड्ड्यात तळं होऊन बसतं. तिकडची कितीतरी तळी अशी आपसूक झालेली. ना अंदाजपत्रक, ना भूसंपादन, ना मोर्चा. माझ्या खात्याला त्या राज्यात काही कामच नाही हे मी हजार फुटांवरून पाहिलं आणि मनात कुठेतरी दुखलं.

"घ्या तुम्ही," मालक म्हणाले आणि दांडा माझ्या हाती दिला. आमच्याकडच्या डेमोतही एकाला ट्रॅक्टर चालवायला देतातच, तेव्हा मी तयार होतो. विमान सरळ चाललं होतं. जरा वर न्यावं म्हणून मी गॅस वाढवला आणि नाकाने खाली डुबकी घेतली! मालक हसायला लागले. इंजिन उंचावर बसवलेलं असल्यामुळे ते वरून ढकलतं, म्हणून जोर वाढवला की नाक आधी खाली जातं, कमी केला की वर येतं. मोठ्या साहेबांच्या कार्यालयात मी हे तत्त्व अनेकदा अनुभवलं होतं, विमानात पहिल्यांदा पाहिलं. दांडा सन्मानाने परत केला.

आता पाण्यावर उतरायचं. मालक एकदम गंभीर झाले. अशा विमानाचा खरा घात एकाच चुकीने होतो: चाकं खाली राहिली आणि पाण्यावर टेकलं, तर चाकं पाण्यात अडकतात आणि विमान कोलांटी खाऊन उलटं होतं. उलट चुकीचं, म्हणजे चाकं वर ठेवून जमिनीवर टेकलं तर, बहुतेक नुसता तळ खरवडतो. म्हणून प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं: पाण्यावर उतरतोय, चाकं वर आहेत. नुसतं म्हणायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. त्यांच्या बाजूचं चाक त्यांना दिसत होतं, माझ्या बाजूचं मला. "बघा आणि सांगा."

त्या क्षणी मी प्रवासी राहिलो नाही. मला काम मिळालं होतं, आणि तेही तपासणीचं. मी खिडकीतून वाकून चाक पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्या तोंडून खात्याची भाषा आपोआप बाहेर पडली: "समक्ष पाहणी केली असता उजवीकडील चाक वर असल्याचे आढळून आले!" मालकांना एक अक्षर कळलं नसणार. पण माझ्या आवाजातला ठामपणा पाहून त्यांनी अंगठा वर केला.

पाण्यावर हलक्या लाटा होत्या आणि मालक त्यावर खूश होते. आरशासारखं स्तब्ध पाणी दिसायला सुंदर, पण उतरायला वाईट. पृष्ठभाग नेमका कुठे आहे तेच डोळ्यांना कळत नाही, आणि वैमानिक तो अजून खाली आहे असं समजत राहतो. पाणी जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि मग खाली खडखडखड! पाणी इतकं कठीण असतं हे पाटबंधाऱ्यात एवढं आयुष्य काढूनही मला माहीत नव्हतं. वेग कमी होत गेला, खडखड मऊ झाली, शेवटी तळ पाण्यात बसला आणि दोन्ही बाजूंनी फवारा उठला, त्यातला वाटणीचा भाग उघड्या खिडकीतून माझ्या मांडीवर आला. मालकांनी इंजिन बंद केलं. आम्ही तरंगत राहिलो. विमानाने आपलं नाक आपसूक वाऱ्याकडे वळवलं. पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो. इंजिन चालू झालं की ते चालू लागतं, त्याला थांब म्हणता येत नाही.

"पोहायला येतं?" मालकांनी विचारलं. "शिवगंगेत शिकलोय," मी म्हटलं. त्यांनी बोट दाखवलं. पाण्यात एक ओंडका होता. ओंडक्याने डोळे मिटले आणि उघडले. फ्लॉरिडात मगरी दहा लाखांच्या वर आहेत, त्यातली एक आमच्याकडे निवांत बघत होती. लाइफ जॅकेटच्या दोरीविषयी मला आता वेगळे प्रश्न पडायला लागले.

वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर त्यांना भाटघरचा फोटो दाखवला. आमच्या भोर तालुक्यातलं धरण, वेळवंडी नदीवरचं, इंग्रजांनी १९२८ च्या सुमारास पुरं केलं. भिंतीला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे, पाणी चढलं की आपले आपण उघडतात. माणसाने बटण दाबायचं नाही. मालक फोटो मोठा करकरून बघत होते. त्यांना भिंतीत रस नव्हता, मागच्या डोंगरांमधून आत गेलेल्या लांबलचक पाण्यात होता. "वर्षभर असतं?" मी म्हटलं, छे. मे महिन्यात फुगवट्याचं पाणी इतकं मागे हटतं की कांबऱ्याचं पाण्यात बुडालेलं देऊळ उघडं पडतं आणि लोक दर्शनाला चालत जातात. मालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग मेमध्ये चाकं खाली." इतकं नेमकं उत्तर मला भाटघरविषयी कुणी अभियंत्याने दिल्याचं आठवत नाही.

"मग तुमच्याकडे उतरत का नाहीत?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगणार? उतरली की! २०१४ च्या ऑगस्टात जुहूहून लोणावळ्याजवळ पवना धरणावर विमानसेवा सुरू झाली, गाजावाजा झाला, टिकली नाही. २०१७ च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीवर केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत एका खाजगी कंपनीने पाण्यावरच्या विमानाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यानंतर तीनच दिवसांनी पंतप्रधान साबरमतीवरून धरोई धरणावर गेले. २०२० च्या ३१ ऑक्टोबरला केवडियाची सेवा निघाली, विमान मालदीवहून आणलेलं, पुढच्या वर्षी बंद पडली. २०२४ च्या नोव्हेंबरात कोचीहून मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टी धरणावर एक प्रात्यक्षिक झालं, तर वनखातं म्हणालं, हत्ती बिचकतील. सगळ्या देशाने शिवऱ्याच्या नियमाने डेमो घेतले आहेत. चहा प्यायला, टाळ्या वाजवल्या, दोष काढला, बघू दिवाळीनंतर. मालकांना मी एवढंच सांगितलं की विचार चालू आहे. त्यांनी मान डोलावली. त्यांनीही बहुधा सरकारं पाहिली असावीत.

परत उठताना खरी गंमत. गॅस दिला की विमान आधी नाक वर करून पाणी ढकलत बसतं, पुढचं काहीच दिसत नाही, आणि आता काही हे उठत नाही अशी आपली खात्री पटते. मग एकाएकी ते पाण्याच्या वर चढून घसरायला लागतं. तळाला मध्ये एक पायरी ठेवलेली असते. तिच्यामुळे पाण्याची पकड सुटते, नाहीतर ओला तळ पाण्याला चिकटून राहतो. बोटीला पायरी, माझ्या लक्षातच आलं नसतं. आम्हीही सांडव्याला पायऱ्या करतो, पण त्या पाण्याचा जोर मारायला. इथे पायरीने विमान सोडवलं. धावपट्टीवर उतरताना मी न सांगता खिडकीतून वाकलो आणि जाहीर केलं, "चाक खाली असल्याचे आढळून आले." मालकांनी या वेळी माझं चाकही स्वतः वाकून पाहिलं. यात मला अपमान वाटला नाही. दुबार तपासणी हा आमच्याकडेही दंडक आहे.

खाली सौभाग्यवतींनी आधी माझी ओली विजार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "पाणी तळ्याचं आहे," मी म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि हे न बोलणंच आजतागायत सगळ्या नातेवाइकांत फिरतंय.

घरी आल्यावर पुतणीने अहवाल मागितला. यंत्र चांगलं आहे, बनवणारा त्याहून चांगला आहे, फक्त विमान बांधायचं तर आधी मालकांसारखा स्क्रूपायी झोप उडणारा स्वभाव हवा, असं मी म्हटलं. पुतणीने गॅरेजमधल्या अर्धवट कपाटाकडे आणि रिकाम्या मधपेट्यांकडे नुसतं पाहिलं. जावयांनी किटची किंमत सांगितली. आम्हा हायवेकडेच्या लोकांचं चलन गुंठा. मी मनात रुपये केले, रुपयांचे गुंठे केले आणि गप्प बसलो. जावईही जरा वेळ गप्प राहून म्हणाले, "बघू, थँक्सगिव्हिंगनंतर." मला भरून आलं. माणूस अखेर आमच्यातलाच निघाला.

गावी परतल्यावर फाट्यावरच्या टपरीत मला बसवून घेतलं. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच पोचले होते. उडण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

"साहेब, ॲव्हरेज काय देतं?" बापूंनी विचारलं.

तासाला अठराएक लिटर पेट्रोल आणि तेवढ्यात सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, असं मी सांगितलं. बापूंनी डोळे मिटून भागाकार केला. "लिटरला सात. टेम्पो परवडला."

"माल किती बसतो?"

"दोन माणसं."

"माणसं नाही, माल. इंद्रायणीची पोती?"

"एक बसेल. तुम्ही नाही बसलात तर दोन."

विमान निकालात निघालं. मला वाटलं, आता इज्जत राखायला काहीतरी मोठं सांगायला हवं. म्हणून मी कॅनडाच्या सीएल-४१५ विमानाचं सांगितलं. जंगलाच्या आगी विझवायला बनवलेलं. ते तळ्यावर थांबतसुद्धा नाही, पाणी घासत नुसतं पुढे जातं आणि बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी पोटात भरून उडतं, मग आगीवर नेऊन ओततं.

टपरीत पहिल्यांदा शांतता पसरली. तात्यांची सासुरवाडी भाटघरच्या काठची. दारात धरण आणि मे महिन्यात टँकर, अशी तिथली कथा. त्यांनी कप खाली ठेवला.

"सहा हजार? म्हणजे दोन खेपांत आपला एक टँकर."

"तात्या, ते आग विझवायला असतं."

"असू दे की. आणतं धरणातनंच ना?" तात्या पुढे सरकले. "मला एवढंच सांगा, विहिरीत नेमकं टाकेल का? गावच्या टाकीचं तोंड लहान आहे."